दादांचं तारण गेलं का?

ताई, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचे थोरले बंधू तरुणपणी संजीवन सभेत पुढे गेले, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, बरीच वर्षं संडे स्कूल चालवलं, तरुण संघात पेटी वाजवली. आता ते म्हणतात, माझा यातल्या कशावरच विश्वास उरलेला नाही. चर्चला येत नाहीत, घरच्या प्रार्थनेला बसत नाहीत. एका प्रचारकाने तुमच्या आईला सांगितलं की त्यांचं तारण, म्हणजे पापापासून ख्रिस्तात मिळालेली सुटका, गेलं. दुसऱ्याने सांगितलं की एकदा मिळालेलं तारण कधी जात नाही, निश्चिंत राहा. आईचं पहिल्याने समाधान झालं नाही आणि दुसऱ्यानेही नाही. आणि पत्राच्या शेवटी, सहज आठवलं म्हणून लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की प्रभुभोजनाच्या वेळी तुमच्या मनात प्रभूबद्दल एक घाणेरडा विचार येऊन गेला आणि तेव्हापासून स्वतःच्या तारणाचीच धास्ती वाटते.

म्हणजे इथे तीन प्रश्न आहेत. शास्त्र काय शिकवतं, दादांचं काय, आणि माझं काय. पाळकीय कामात आयुष्य गेलं, पण ‘तारण गमावता येतं का’ हे निव्वळ ज्ञानासाठी विचारणारा मला क्वचितच भेटला. विचारणाऱ्याच्या मनात कुणीतरी एक माणूस असतो. कधी घरातला, कधी तो स्वतः. म्हणून उत्तर देताना समोर कोण बसलंय हे बघावंच लागतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते शोधत बसावं लागणार नाही. देव ज्याला खरोखर आपलं करतो त्याला तो शेवटपर्यंत राखतो, असं मी मानतो. पण या भरवशावर देवाकडे पाठ फिरवून निवांत बसलेल्या माणसाला मी त्यातलं एक अक्षरही लागू करत नाही, कारण शास्त्रही करत नाही. आणि अमुक एक माणूस त्या राखलेल्यांत आहे की नाही हे जाहीर करायचा अधिकार मला नाही. तुमच्या घरी आलेल्या त्या दोघांनाही नव्हता.

त्या दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या यात नवल काही नाही. आपल्याकडच्या मंडळ्यांची घराणीच वेगळी. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलेलं अमेरिकन मराठी मिशन आणि डॉ. जॉन विल्सन यांचं स्कॉटिश मिशन, दोन्ही सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतली. खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतोच, ही त्यांची शिकवण. मेथडिस्ट मंडळी १८७०च्या दशकात विल्यम टेलर यांच्या सभांतून मुंबईत उभी राहिली, आणि मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी तर १७५१ मध्येच लिहून ठेवलं होतं की खरा विश्वासणाराही पडू शकतो, इतका की त्याचा कायमचा नाश व्हावा. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या अनुयायांनी १५३० च्या आउग्सबुर्गच्या कबुलीजबाबात, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावूच शकत नाही असं म्हणणाऱ्यांचा नाव घेऊन निषेध केला. वसईचे आणि गोव्याचे आपले कॅथलिक बांधव त्यांच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेची १५४७ ची शिकवण मानतात. जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने कृपा जाते, पापनिवेदनाच्या संस्काराने ती परत मिळते, आणि देवाने खास प्रकट केल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकूच अशी ठाम खात्री कुणी बाळगू नये.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, अँग्लिकन, बॅप्टिस्ट अशी यातली बरीच घराणी एका छपराखाली आली. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्टही आले. अमेरिकन परंपरेतले मात्र बाहेर राहिले. त्यामुळे आज एकाच बाकावर बसलेल्या दोन कुटुंबांत या विषयावर दोन मतं निघाली तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका. माझं स्वतःचं घर अमेरिकन मराठी मिशनचं आणि आजोळ मेथडिस्ट. वडिलांकडचे आजोबा प्रार्थनेत म्हणायचे, ‘प्रभू, तू मला पडू देणार नाहीस.’ आईची आई म्हणायची, ‘प्रभू, मला पडू देऊ नकोस.’ दोघंही टिकली.

आता शास्त्राकडे. दोन्ही बाजूंची वचनं खरी आहेत, आणि एका बाजूची वाचून दुसऱ्या बाजूची पानं पटकन उलटणाऱ्या शिक्षकापासून जरा सावध राहावं.

राखण्याची वचनं तुम्हाला पाठ असतील. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की माझ्या मेंढरांना मी सार्वकालिक जीवन देतो, त्यांना माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही, आणि लगेच पुढे पित्याचा हातही जोडून देतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी प्रेषित पौल मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, सगळं मोजून दाखवतो आणि म्हणतो की यातलं काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. फिलिप्पैकरांना तो लिहितो की ज्याने तुमच्यात चांगलं काम सुरू केलं तो ते तडीस नेईल. ही वचनं पातळ करून चालणार नाहीत. ‘दुसरं कुणी हिसकावणार नाही, पण मेंढरू स्वतः निघून जाऊ शकतं’ असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. मेंढरं स्वतःच भरकटतात, म्हणून तर मेंढपाळ लागतो.

पण मग इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय येतो, आणि तिथे थांबावंच लागतं. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय देणगीची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, देवाचं वचन आणि येणाऱ्या युगाचं सामर्थ्य ज्यांनी अनुभवलं, ते जर पतित झाले, तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. असं लेखक म्हणतो. हे वर्णन कुणा वाटेवरच्या माणसाचं वाटत नाही. आमच्या परंपरेतले काही लोक घाईघाईने म्हणतात, ‘हे नुसते चर्चला येणारे होते.’ इतकं सोपं ते नाही.

तरी हे वचन ‘तारण गेलं’ असं सांगणाऱ्यांच्याही हाती सहज लागत नाही. वचनात ‘अशक्य’ असं स्पष्ट म्हटलंय. जो प्रचारक हे वचन वाचून दाखवून सांगतो की तुमचं तारण गेलं, तोच अर्ध्या तासाने म्हणतो की पुढे या, पश्चात्ताप करा, परत मिळेल. वचन त्याला ही मुभा देत नाही. ‘जाऊ शकतं’ हे या वचनावरून सिद्ध करायचं असेल, तर ‘गेलं की परत येत नाही’ हेही त्याच श्वासात मान्य करावं लागेल. स्वतः वेस्लीही तिथवर गेले नाहीत. आपण अशी माणसं पाहिली आहेत जी पूर्ण पडली आणि परत उभी राहिली, असं ते आवर्जून सांगत.

हे पत्र कुणाला लिहिलंय ते बघितलं की गुंता थोडा सुटतो. वाचक ख्रिस्ताकडे आलेले यहूदी. दहाव्या अध्यायावरून कळतं की त्यांनी छळ सोसलाय, त्यांची मालमत्ता लुटली गेली आहे, काहींनी एकत्र जमणंही सोडलंय. जुन्या व्यवस्थेकडे परत गेलं की त्रास संपेल, असा मोह त्यांच्यापुढे आहे. लेखक त्यांना तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात रानातली पिढी दाखवतो. मिसरातून ती पिढी खरोखर निघाली होती. समुद्र ओलांडला, मान्ना खाल्ला, खडकातलं पाणी प्याली. कादेशला पोचल्यावर कनान देशाची बातमी ऐकून म्हणाली, एखादा पुढारी नेमून मिसर देशात परत जाऊ या. इतकं सगळं चाखून झाल्यावर मागे फिरली, आणि रानातच संपली. सहाव्या अध्यायातलं ‘रुची घेतली, भागीदार झाले’ हे मी या पार्श्वभूमीवर वाचतो. देवाच्या कामाच्या मधोमध राहून, त्याचे सगळे फायदे घेऊनही माणूस अविश्वासात मरू शकतो. आणि इतकं भयंकर लिहून झाल्यावर लगेच पुढे काय येतं बघा. प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी याहून चांगल्या, तारणाला धरून असलेल्या गोष्टींची आम्हाला खात्री आहे. इशारा तर दिला, आणि इशारा ऐकणाऱ्यांबद्दल खात्रीही व्यक्त केली. दोन्ही एकाच दमात.

हे कसं जमतं? मला ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात उलगडलं. शास्त्रवर्गात हा विषय निघाला की मी तो अध्याय वाचायला लावतो, आणि तरुण मंडळी चक्रावतात, कारण त्यात शिकवण अशी काही नाहीच. त्यात एक तारू वादळात सापडलंय. पौल कैदी म्हणून रोमला निघालाय. बरेच दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, सगळ्यांनी आशा सोडलेली. तेव्हा पौल उभा राहून सांगतो की रात्री देवाचा दूत माझ्याजवळ आला होता. तारू जाईल, पण तुमच्यातल्या एकाचाही जीव जाणार नाही. यात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. देवाने शब्द दिला आहे.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. ते खोली मोजतात. वीस वाव भरते, थोडं पुढे पंधरा वाव. खडकावर आपटू म्हणून ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. मग काही खलाशी पुढच्या बाजूने नांगर टाकायचं निमित्त करून गुपचूप मचवा खाली सोडू लागतात. पळून जायचा बेत असतो. आणि पौल शताधिपतीला म्हणतो, ही माणसं तारवात राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

मी वर्गात इथे थांबतो आणि विचारतो की पौल आधी खरं बोलला की आता? देवाने सगळ्यांचे जीव दिलेत म्हणाला होता ना? मग ‘वाचणार नाही’ कसं? कुणीतरी म्हणतं, पौल नुसती भीती घालत होता. पण शिपायांना ते नुसतं वाटलं नाही. त्यांनी दोर कापले, मचवा पाण्यात गेला, खलाशी तारवातच राहिले. आणि शेवटी दोनशे शहात्तरच्या दोनशे शहात्तर माणसं, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर, किनाऱ्याला लागली. वचन खरं ठरलं. इशारा दिला गेला, ऐकला गेला, दोर कापले गेले, असं होत होत ते खरं ठरलं. देव आपल्या माणसांना राखतो तो असा. त्यांना बेशुद्ध करून उचलून नेत नाही. हाका मारून, दटावून, घाबरवूनही तो त्यांना तारवात ठेवतो. इब्रीचा सहावा अध्याय ही तशीच एक हाक आहे.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १६१० मध्ये हॉलंडमध्ये, कॅल्व्हिनपंथाच्या काही शिकवणींना हरकत घेणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांनी आपली पाच कलमं मांडली. त्यांच्या पाचव्या कलमात गंमत अशी की खरा विश्वासणारा पूर्ण पडू शकतो की नाही यावर त्यांनी तेव्हा निकाल दिलाच नव्हता. शास्त्रातून अजून नीट तपासलं पाहिजे, असं म्हणून ठेवलं होतं. पुढे त्यांनी ‘पडू शकतो’ अशी भूमिका घेतली. त्यावर १६१८-१९ मध्ये डॉर्टला भरलेल्या धर्मसभेने उत्तर दिलं. तेही आजच्या ‘एकदा तारण, कायमचं तारण’ या घोषणेइतकं गुळगुळीत नाही. दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन सभा म्हणते की खरे विश्वासणारे भयंकर पापांत पडतात, पवित्र आत्म्याला खिन्न करतात, काही काळ देवाच्या कृपेची जाणीवही हरवून बसतात. देव त्यांना परत आणतो. आणि कशाच्या द्वारे राखतो? वचनाचं श्रवण, वाचन, मनन, बोध, संस्कार, आणि त्यातच स्पष्ट शब्दांत, धमक्या आणि अभिवचनं. धमक्या हेही राखण्याचंच साधन, असं कॅल्व्हिनच्या परंपरेनेच लिहून ठेवलंय.

म्हणून ‘एकदा तारण, कायमचं तारण’ ही घोषणा मला आवडत नाही. त्यातलं अर्धसत्य जास्त घातक आहे. आपल्याकडे ती ऐकू येते तेव्हा बहुधा असा अर्थ असतो की अमुक साली सभेत हात वर केला, कार्डावर सही केली, प्रार्थनेचे शब्द मागोमाग म्हटले, आता विमा उतरला. हप्ते भरा न भरा, पॉलिसी लॅप्स होत नाही. मत्तयाच्या सातव्या अध्यायात ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारे, प्रभूच्या नावाने भुतं काढलेली माणसं आहेत. प्रभू त्यांना ‘माझी तुमची ओळख तुटली’ असं सांगत नाही. तो म्हणतो, मला तुमची कधीच ओळख नव्हती. योहानही आपल्या पहिल्या पत्रात, मंडळी सोडून गेलेल्यांविषयी म्हणतो की ते आपल्यातून निघाले पण आपल्यातले नव्हते. असते तर राहिले असते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या बाजूचा दुबळेपणा नेमका इथेच आहे. गेला तो मुळात खरा नव्हता असं म्हटलं, तर जो गेला नाही त्याला लगेच प्रश्न पडतो की मी तरी खरा कशावरून? दादाही वीस वर्षांपूर्वी खरेच वाटत होते. वेस्लीचे लोक हे बोट बरोबर जागी ठेवतात. त्यांच्या शिकवणीत उद्याची शाश्वती कमी, पण आजची साधी आहे: आज तू विश्वास ठेवतोस ना, मग आज तू त्याचा आहेस. मला वाटतं, चांगला कॅल्व्हिनपंथी पाळक आणि चांगला मेथडिस्ट पाळक मरणाच्या बिछान्याजवळ जवळजवळ एकच बोलतात. दोघंही रोग्याला स्वतःच्या विश्वासाची नाडी तपासायला लावत नाहीत. ख्रिस्ताकडे बघ म्हणतात. आपण देवाने निवडलेले आहोत की नाही हे स्वतःत शोधू नये, ख्रिस्तात बघावं, हे तर कॅल्व्हिनचंच सांगणं. वेस्ली आणि कॅल्व्हिनच्या मताचे जॉर्ज व्हाइटफील्ड या विषयांवरून जाहीरपणे भांडले. पण १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा लंडनमध्ये त्यांच्यावरचा उपदेश वेस्लींनीच केला.

दुसऱ्या टोकाचाही एक रोग आहे, आणि गावोगावच्या सभांत तो मी अधिक पाहिला. एक खोटं बोललं, तारण गेलं. उपवास मोडला, गेलं. दरवर्षी तीच माणसं पुढे येतात, रडतात, नव्याने तारण घेतात. काहींचे तर दोन-तीन बाप्तिस्मे झालेले असतात. अशा माणसाच्या चेहऱ्यावर तारणाचा आनंद मला कधी दिसला नाही.

मंडळीने हा प्रश्न एकदा फार कठीण परिस्थितीत सोडवला आहे. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडलेत. अर्जदाराचं नाव, गाव, मग ठरलेला मजकूर: मी नेहमीच देवतांना बळी देत आलो आहे, आत्ताही तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे पेय ओतलं, बळी दिला, त्यातलं मांस चाखलं, कृपया सही करावी. खाली अधिकाऱ्यांच्या सह्या. त्या काळात कितीतरी ख्रिस्ती लोकांनी खरोखर बळी दिला, आणि कितींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे लोक रडत मंडळीच्या दाराशी आले.

रोमचा नोवेशियन म्हणाला, नाही. प्रभूला नाकारलेल्यांना क्षमा देण्याचा अधिकार मंडळीला नाही. कार्थेजचा बिशप कुप्रियान मधल्या वाटेने गेला. २५१ च्या सभेत ठरलं की ज्यांनी नुसता दाखला घेतला त्यांना पश्चात्तापाच्या काळानंतर परत घ्यावं, ज्यांनी बळी दिला त्यांना मरणाच्या वेळी. मग नव्या छळाची चिन्हं दिसली तेव्हा पश्चात्तापात टिकलेल्या सगळ्यांसाठीच दार उघडलं. बहुसंख्य मंडळी कुप्रियानच्या वाटेने गेली. ज्यांनी तोंडाने आणि लेखी ख्रिस्ताला नाकारलं होतं त्यांच्याबाबत हे ठरलं, हे ध्यानात ठेवा. आपले आजचे काही प्रचारक नोवेशियनपेक्षाही कडक आहेत, आणि तेही फार लहानशा कारणांसाठी.

आता तुमची भीती, ताई. पवित्र आत्म्याच्या निंदेबद्दल मार्काच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलंय ते कुणाला उद्देशून, ते बघा. यरुशलेमेहून आलेले शास्त्री. प्रभूने माणसं बरी केलेली समोर दिसत असताना, पूर्ण शुद्धीत, ठरवून ते म्हणत होते की हे भुतांचा अधिपती बालजबूल याचं काम आहे. आपण काही भयंकर बोललो का, अशी धास्ती त्यांच्यातल्या एकालाही नव्हती. तुमच्या मनात आलेला विचार तुम्ही बोलावला नव्हता, तुम्हाला तो हवा नव्हता, आणि आल्यावर तुमच्या पोटात गोळा आला. नकोसा विचार येणं आणि तो आपलासा करणं यात फार अंतर आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये भांडी सांधून पोट भरणारा जॉन बन्यन नावाचा तरुण होता. ‘ख्रिस्ताला विकून टाक, विकून टाक’ हे शब्द त्याच्या डोक्यात दिवसरात्र घुमायचे. एसावाला पश्चात्तापाला जागा मिळाली नाही, हे इब्रीतलं वचन वाचून तो पुरता खचला होता. पुढे तो प्रचारक झाला आणि शुभवर्तमान सांगणं सोडायला तयार नव्हता म्हणून बारा वर्षं तुरुंगात राहिला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. असे विचार पुन्हा पुन्हा येत असतील, एकाच गोष्टीची क्षमा दिवसातून कितीतरी वेळा मागूनही मन मानत नसेल, झोप उडाली असेल, प्रभुभोजन टाळावंसं वाटत असेल, तर पाळकाला भेटा आणि मनोविकारतज्ज्ञालाही भेटा. हा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि ते घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. मी माझ्या मंडळीतल्यांना असं पाठवलंय, आणि त्यांचं भलं झालंय. आणि येत्या प्रभुभोजनाला जा. भीती वाटली तरी जा.

राहिले दादा. त्यांच्याबद्दल तीन शक्यता आहेत आणि बाहेरून तिन्ही अगदी सारख्या दिसतात. एक, ते पेत्रासारखे पडलेत आणि उठतील. दोन, जे सोडलं ते त्यांचं मुळात झालंच नव्हतं. तीन, वेस्ली म्हणतात तसं, खरोखर होतं आणि ते सोडून चाललेत. यातली कुठली खरी हे ठरवायला मला जमत नाही, आणि तुमच्या पुढच्या पावलासाठी ते ठरवायची गरजही नाही, कारण तिन्हींत करायचं ते एकच आहे.

दुसऱ्या शक्यतेला घाबरू नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे आपली साक्ष लिहिताना त्या म्हणाल्या की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला. मधल्या काळात त्यांना कुणी खोट्या ख्रिस्ती म्हणून निकालात काढलं असतं, तर पुढची रमाबाई आपल्याला कळली नसती. दादांच्या आयुष्यात जे घडलं नाही ते पुढे घडू शकतं. जे घडलं होतं ते पुन्हा जागं होऊ शकतं.

दुसऱ्या तीमथ्याच्या शेवटच्या अध्यायात पौल लिहितो की देमासाला हे जग आवडलं, तो मला सोडून थेस्सलनीकास गेला. हाच देमास फिलेमोनाच्या पत्रात त्याचा सहकारी म्हणून आलेला आहे. देमासाचं पुढे काय झालं, शास्त्र एक अवाक्षर सांगत नाही. आणि लगेच पुढच्या वचनात पौल म्हणतो की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. हा मार्क म्हणजे पंफुल्यात काम टाकून घरी निघून गेलेला तरुण. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघं दोन दिशांना गेले. मार्काने विश्वास सोडला नव्हता, तेव्हा उदाहरण तंतोतंत लागू नाही हे मान्य. पण ज्याला पौलाने एकदा मोडीत काढलं होतं त्यालाच तो म्हातारपणी बोलावून घेतोय.

तेव्हा दादांना आधी विचारा की नेमकं काय सोडलं, आणि मधे न बोलता ऐका. माझ्याकडे ‘विश्वास उडाला’ म्हणून आलेल्यांपैकी पुष्कळांचा विश्वास देवावरचा उडालेला नव्हता. कुणाला मंडळीच्या मालमत्तेच्या भांडणाचा वीट आला होता. कुणाचं मूल गेलं होतं आणि सांत्वनाला आलेल्याने ‘देवाची इच्छा’ म्हणून हात झटकले होते. कुणाला विज्ञानाचे खरे प्रश्न होते आणि संडे स्कूलमधून मिळाले ते दटावणीचे उत्तर. काहींनी एखाद्या पापाशी सोयरीक केली होती आणि त्यासाठी विश्वास अडचणीचा होत होता, हेही खरं. प्रत्येकाला औषध वेगळं. दादांचं कारण कळायच्या आधी इब्रीचा सहावा अध्याय त्यांच्या तोंडावर मारू नका. ज्याला वचनच मान्य नाही त्याला वचनाची धमकी फक्त चीड आणते. तो इशारा अजून तारवात असलेल्यांसाठी आहे, मचवा खाली सोडायच्या विचारात असलेल्यांसाठी. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी.

आईंना सांगा की दादांसाठी त्यांनी केलेली एकही प्रार्थना वाया गेली असं मानायला शास्त्रात आधार नाही. पेत्राने नाकारलं त्याच्या आधीच प्रभूने त्याच्यासाठी विनंती करून ठेवली होती की त्याचा विश्वास ढळू नये. याकोबाच्या पत्राची शेवटची दोन वचनंही, कुणी सत्यापासून बहकला तर त्याला परत आणणाऱ्याबद्दलच आहेत, म्हणजे परत आणता येतं हे तिथे गृहीतच धरलंय. दादांना नाताळला जेवायला बोलवा, त्यांना आवडतं ते करा, आणि जेवण झाल्यावर त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला प्रचारक दडवून ठेवू नका. आठवड्याच्या प्रार्थनासभेत त्यांचं नाव घेऊन विनंती मागू नका. गावात ती बातमी होते आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर जाते. घरी मागा, नाव घेऊन, रोज.

आणि उद्या ते खरंच परत आले तर मंडळीने त्यांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावू नये आणि पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला पुढे उभंही करू नये. त्यांना त्यांच्या जुन्या बाकावर बसू द्यावं. पेटी वाजवायची असेल तर त्यांचं ते विचारतील. तुमच्या पाळकसाहेबांना हे पटलं नाही तर माझ्याशी बोलायला सांगा.